कवडीचा दगड

मुखरूला दोन दगड हवे होते. एक टेंबऱ्यासाठी, एक कवडीसाठी. दुसरं काही मागणं नव्हतं.

येंगाटोल्यात दगडांना तोटा नाही. ओढ्यात पडलेत, वावराच्या पाळीवर पडलेत, पावलोपावली ठेचा लागतात. पण मुखरूला ते उभे करायचे होते. गावाबाहेर मोहाच्या झाडांपुढे, गावाची गेलेली माणसं जिथं रांगेनं उभी आहेत तिथं. येंगाटोल्याची ती रीत. माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा राहतो. मोठ्याचा मोठा, लेकराचा वीतभर. मुखरूच्या बापाचा दगड खांद्याएवढा आहे. आईचा त्याला टेकून आहे.

तिथं आजवर कुत्र्याचा दगड उभा राहिला नव्हता. कुणी मागितलाही नव्हता.

टेंबऱ्या आणि कवडी ही पाखरं धरायला शिकवलेली कुत्री. पिकल्या टेंबरासारखा तांबूस, दांडगा टेंबऱ्या आणि अंगभर पांढरे ठिपके असलेली, कानाला फाटलेली कवडी. दिवाळीनंतर एकाच आठवड्यात दोघं गेली. आधी टेंबऱ्याच्या डोळ्यांना चिपडं धरली, मग मागचे पाय ओढू लागला. मुखरूनं शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला पोत्यात घालून धानोऱ्याला नेलं. डॉक्टरनं सुई दिली. म्हणाला, फार उशिरा आणलं, दुसरं कुत्रं असेल तर लांब बांधा. मुखरूनं कवडीला गोठ्यामागं लांब बांधलं. तिनं दोर कुरतडला आणि टेंबऱ्या निजायचा त्या खळग्यात येऊन निजली. मग ती तिथून उठलीच नाही.

मुखरू चिडला तो तेव्हापासून. कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून सगळ्यांवर चिडला. बायकोवर, कोंबड्यांवर, चुलीच्या धुरावर. लेक रंजीता आरमोरीला दिलेली. तिचा फोन आला.

"बाबा, जाऊ द्या ना. दुसरं पिल्लू आना."

"तुहा सासरा गेला मागं. दुसरा आनला का तू?"

 तिकडून फोन बंद झाला.

"पोरीशी असं बोलते का कोनी?" सुकरी म्हणाली. ती मुखरूची बायको. चाळीस वर्षं त्याचं ऐकत आलेली आणि चाळीस वर्षं त्याला सुनावत आलेली.

"मंग तिनं काऊन असं बोलावं?"

"तिले काय म्हाईत तुह्या कुत्र्याचं."

ते खरं होतं. कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणी बोलत नव्हतं. मुखरूला जाळत होतं ते हेच.

*

मुखरूचा बाप पाखरं धरायचा. तितर, लावे, कधी बोडीच्या पाण्यावर उतरलेली बदकं. मुखरू लहानपणी त्याच्यामागं जाळी घेऊन फिरला आणि शिकला. मग लग्न झालं, पोर झाली आणि तो कामासाठी गडचांदूरला गेला. सिमेंटची पोती चढवायची, उतरवायची. परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक रेडिओ होता आणि खोकला होता. रेडिओ बिघडला. खोकला टिकला.

खोकणाऱ्या माणसाला पाखरं धरता येत नाहीत. पाखरू कान टवकारून बसलेलं असतं. मुखरूचं वय तेव्हा चाळिशीतलं, पण बांध चढला की म्हाताऱ्यासारखा वाकायचा. लोक म्हणाले, आता जाळी चुलीत घाल. त्यानं घातली नाही. त्यानं कुत्री शिकवली. एक मेली की दुसरं पिल्लू, असं करत करत शेवटी टेंबऱ्या आला आणि त्याच्या पाठोपाठ कवडी.

टेंबऱ्या पाखरू शोधायचा. कवडी पाखरू राखायची. धान निघालं की बांध्यांमध्ये लाखोळी उगवते, गुडघ्याखाली हिरवी. तिच्यात लावे बसतात. टेंबऱ्या नाक खाली घालून वास घेत फिरायचा आणि कवडी मधेच थबकायची. पुढचा एक पाय वर, शेपटी सरळ. त्यानंतर ती हलायची नाही. माशी बसली तरी नाही. कारण तिचा माणूस मागं राहिलेला असे. गमछा तोंडात कोंबून, खोकला दाबत, डोळ्यांत पाणी आणून तो हळूहळू येत असे. इतर कुत्री घटकाभर थांबतात आणि झेप घालतात. कवडी तो येईपर्यंत थांबायची. तो किती वेळ लावतो हे तिला ठाऊक होतं. पाखरापासून किती लांब थांबलं म्हणजे त्याची धाप पाखराला ऐकू येणार नाही, हेही तिनं ठरवलेलं होतं. हे तिला मुखरूनं शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी वाटे पडायचे. पळसाच्या पानांवर, सगळ्यांसमोर. जितकी माणसं तितके वाटे आणि जितकी कुत्री राबली तितके आणखी. कुत्र्याचा वाटा कुत्र्याच्या घरी जातो. मुंडकं न् आतडी त्याची, बाकी घराची. मुखरूच्या घरी तीन वाटे यायचे. सुकरी म्हणायची, आपल्या घरात कमावते दोन आन खोकनारा एक.

मग गावानं ठराव केला. जंगल गावाच्या नावावर आलं होतं. बांबू गाव विकणार, तेंदू गाव विकणार, जंगल गाव राखणार. राखायचं म्हणजे शिकार बंद. सरकारनं कायद्यानं कधीचीच बंद केलेली होती, पण ती सरकारची बंदी. ही गावाची. जो मोडेल त्यानं साऱ्या गावाला जेवण घालायचं. हात वर झाले. मुखरूचाही झाला. कुणी त्याला जबरदस्ती केली नव्हती. त्याला पटलं होतं. माळावर लाव्यांचा आवाज कमी झाला होता, हे त्यालाच आधी कळलं होतं.

त्यानं जाळी खुंटीला टांगली.

पण कुत्र्यांनी हात वर केले नव्हते. सकाळी दोघं दारात उभी. तो वावरात निघाला की पुढं धावायची. लाखोळीत टेंबऱ्या फिरायचा, कवडी थबकायची, पाय वर. मुखरू गमछा तोंडात धरून तिच्यामागं यायचा, उभा राहायचा आणि टाळी वाजवायचा. पाखरं भुर्रकन उडून जायची. कवडी मान वळवून त्याच्याकडे बघायची. पहिल्या वर्षी ती चकित झाली. दुसऱ्या वर्षी वैतागली. पाखरं उडाली की ती आता त्याच्याकडे न बघता सरळ घराकडे चालू लागायची.

"तिले वाटते, बुढा आंधळा झाला," सुकरी म्हणाली.

"तिले सांगू कसा?" मुखरू म्हणाला. "ठराव वाचून दाखवू?"

*

ग्रामसभा आंब्याखाली भरली. विषय बांबूतोडीचा होता. तो संपायला दुपार झाली. दिव्या लिहून घेत होती. ती गडचिरोलीला कॉलेज करून आलेली, सभेची सचिव. तिनं विचारलं, "अजून कोनाचं काई?"

मुखरू उठला. "माह्या दोन दगडाचं."

"घर बांधून राह्यला का गा मामा?" कुणीतरी म्हणालं.

"टेंबऱ्या आन कवडीचे."

हसू फुटलं. गुलाब भूमिया हसला नाही. गावाचे देव, सण, जन्म, मरण त्याच्या हाती. बोलायच्या आधी तो गुडघे चोळतो.

"मुखरू, दगड मानसाचा रायते."

"काऊन?"

"रीत हाय."

"रीत मीच सांगतो मंग. शिकारीत ज्याले वाटा, तो गावचा. वाटा नाई, तो पाहुना. पाहुन्याले दगड नाई. बरोबर?"

"बरोबर."

"माह्या कुत्र्यांले वाटा होता का नाई?"

आंब्याखाली बसलेले इकडंतिकडं बघू लागले. ठराव झाल्यापासून सभेत शिकार हा शब्द कुणी काढत नसे. जुनीच गोष्ट, ठरावाच्या आधीची, तरी कुणी तोंड उघडत नसे. एकानं जुनं काढलं की दुसरा नवं काढील, ही धास्ती. दिव्यानं पेन वर धरला. "मामा, हे लिहू का?"

"लिव्ह."

"लिवू नको वो माय!" चौघे-पाच जण एकदम ओरडले.

मुखरू एकेकाकडे वळला. "बुधू. तुह्या पोरीच्या बारशाले लावे कोनं देले?"

बुधूनं काडी उचलून मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. "आठवत नाई मामा."

"खातानी आठवत होतं. बोटं चाटत होता." मुखरूचा आवाज चढला. खोकला आला, तो त्यानं गिळला. "साऱ्या टोल्यानं खाल्लं. हाडकं चघळली. आन आता कुत्री मेली तं कोनाले काई आठवत नाई! कवडीसारखी कुत्री या गावात झाली नाई. लाखोळीत पाखरू बसलं का पयली तीच थांबे. हे तरी म्हना कोनी!"



मग लटारू उठला. लटारूकडे मैनी नावाची काळी कुत्री. दोन घरांमध्ये कुत्र्यांवरून जुनी चढाओढ. इतका वेळ तो दातावर दात दाबून बसला होता. माणूस भीती दाबू शकतो. हे काही त्याला दाबता आलं नाही.

"पयली? कवडी पयली? आन माही मैनी काय मांगं झोपा काढे? मागच्या साली बोडीखाली तितर कोनं काढले? मैनीनं! कवडी होती ना माह्यासंगं, नुसती खांबावानी उभी! एक पाखरू देलं नाई तिनं मले!"

दोन-तीन जण हसले. मग हसू विरलं.

"मागच्या साली?" दिव्या म्हणाली.

लटारूचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. बुधूची काडी थांबली होती.

पुढं सभा लटारूवर घसरली. कोण कोण होतं, कधीपासून, जेवण कधी घालणार, बकरा की कोंबडे. लटारू म्हणाला, भात न् भाजी. बाया म्हणाल्या, तितर तू खायचं आन भाजी आमाले काऊन? सगळे एकदम बोलत होते. ज्यांना काही आठवत नव्हतं, त्यांना लटारूच्या मागच्या पाच वर्षांतलं सगळं आठवलं.

मुखरू तसाच उभा. त्याला दंडाचं काही ऐकू येत नव्हतं. कवडी होती ना माह्यासंगं. मागच्या हिवाळ्यात ती संध्याकाळी चिखलानं माखून यायची, भाताला तोंड लावायची नाही. त्याला वाटलं होतं, म्हातारी झाली.

"माह्या दगडाचं?" तो शेवटी म्हणाला. लोक उठायला लागले होते.

गुलाब भूमियानं गुडघे चोळले. "टेंबऱ्याले वाटा होता. मी सोता टाकला हाय पानावर. त्याचा दगड कर तू उभा, माही ना नाई."

"आन कवडी?"

भूमियानं लटारूला हाक मारली. "तितर काढले तवा वाटे पाडले का?"

"पाडले," लटारू खाली बघत म्हणाला.

"कवडीले वाटा देला?"

"नाई."

भूमियानं मान हलवली. "मंग अवघड हाय मुखरू. संगं गेली, उभी राह्यली आन वाटा भेटला नाई. ज्याले गाव बाहेर काढते, त्यालेच असं करते. शेवटच्या वाट्यात तिचं पान पडलं नाई. ती पाहुनी झाली."

"पाहुनी?" मुखरू म्हणाला. "कवडी?"

पण भूमिया उठला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू अंगणात आला. भांडायलाच.

"तुह्या मेल्या कुत्र्यापायी मले जित्या बकऱ्याचा दंड बसला!"

मुखरू ओसरीवर बसला होता. "कधीपासून येत होती?"

"काय?"

"कवडी. कधीपासून?"

लटारूचा जोर थोडा ओसरला. "दोन हिवाळे. मी बोलावलं नाई तिले. देवाची आन. मी मैनीले घेऊन निघालो का हे बोडीजवळ उभी."

"टेंबऱ्या?"

"तो नाई आला कधी. तो तुह्याच मांगं."

मुखरूनं मान हलवली. टेंबऱ्या साधा होता. मालकानं टाळी वाजवली तर टाळी. कवडीला काम हवं होतं.

"कशी करे?" त्यानं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"थांबे. झकास थांबे, खोटं काऊन बोलू. पन मी जवळ गेलो का मान फिरवून मांगं पाहे. वाटेकडं. जसा कोनी यायचा हाय. मी जाळी उचलली का गुरगुरे. तोवर पाखरू पसार. घटकाभर तशीच उभी. म्या शिव्या देल्या, ढेकूळ मारलं. हले ना. तुह्या खोकल्याची सवय लावून ठेवली तू तिले. बिघडवली कुत्री!"

"ढेकूळ मारलं?"

"लहानसं."

"कुठी?"

"पाठीवर. लागलं नाई तिले."

मुखरू उठला. लटारू एक पाऊल मागं सरला. पण मुखरूला खोकला आला आणि तो खांब धरून वाकला. सुकरीनं पाण्याचा गडवा आणला. लटारू जायचा तो गेला नाही. उभा राहिला.

"आन वाटा काऊन नाई देला?" मुखरूनं धाप टाकत विचारलं.

"कसा देऊ? कुत्र्याचा वाटा कुत्र्याच्या घरी येते. तुह्या दारात पान घेऊन आलो असतो तं तू विचारलं असतं, कुठचं हाय. तू तं हात वर करनारा मानूस."

"तिच्या पुढं तरी टाकाचं होतं. आतडं तरी."

"तिनं पाखरूच देलं नाई मले!"

"उभी तं राह्यली ना! राह्यली का नाई? थंडीत, तुही ढेकळं खात! मैनी राह्यली असती?"

"मैनीचं नाव काढू नको."

"मैनी घटकाभर थांबत नाई. मैनी पाखरू खाते, मंग मालकाले पिसं देते."

"तुह्या टेंबऱ्याले तं नाकच नव्हतं! शेणावर थांबे!"

"एकदा! एकदाच थांबला, आन त्या शेणाखाली लावा होता!"

दोघांचे आवाज टोल्याच्या टोकापर्यंत गेले. टेंबऱ्याची ती खोड, कवडीचा तो कान कुणी फाडला, पुरात बोडीतून बदक कुणी ओढून आणलं. लटारू एकही चांगला शब्द बोलत नव्हता. पण कुत्री गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं. सुकरीनं न विचारता चहा टाकला. लटारूनं तो उभ्यानंच घेतला, कप भिंतीवर आपटून ठेवला आणि निघून गेला.

"वाटा बाकी हाय तुह्यावर!" मुखरू त्याच्या पाठीवर ओरडला.

*

टेंबऱ्याचा दगड त्या आठवड्यात उभा राहिला. कमरेएवढा, तांबूस. मुखरूच्या आईच्या दगडापासून हातभर अंतर सोडून. बुधूनं आणि आणखी तिघांनी लोटून आणला. काम झाल्यावर सगळ्यांनी हात झटकले आणि म्हणाले, झालं ना मामा आता मनासारखं?

"नाई," मुखरू म्हणाला.

लोक हसले. बुढा जिद्दी आहे म्हणाले. एक दगड भेटला, दुसऱ्यासाठी काऊन डोकं फोडते म्हणाले. मुखरू कुणाला समजावत बसला नाही. टेंबऱ्याचा दगड एकटा उभा बघून त्याला पहिल्यापेक्षा जास्त राग येत होता.

लटारूचं जेवण पौषात झालं. अखेर बकराच कापावा लागला. साऱ्या गावाच्या पंगती आंब्याखाली बसल्या. मुखरूनं घरून दोन पत्रावळी आणल्या. दुसरी टाचून द्यायला सुकरीनं साफ नकार दिला होता, लोकात हसू करून घेतो म्हणून. त्यानं ती आपली आपण टाचली, मोठमोठे टाके घालून. एक त्यानं आपल्यापुढं मांडली, दुसरी शेजारी. शेजारी जागा रिकामी होती.

"हे कोनाचं गा?" बुधूनं विचारलं.

"कवडीचं. लटारूनं वाटा द्याचा राह्यला तिचा."

पंगतीत कुजबुज झाली. मग ती थांबली. गुलाब भूमिया समोरच्या पंगतीत होता. त्यानं घास खाली ठेवला. कुणाला सांगायची गरज नव्हती. दंडाचं जेवण लटारूचं होतं. लटारूनं त्या पानावर वाढलं तर सगळ्या गावासमोर वाटा पडला. मग कवडी पाहुणी उरत नव्हती.

लटारू वाढत वाढत आला. हातात बादली, बादलीत डाव. मुखरूच्या पत्रावळीवरच्या भातावर त्यानं मटण वाढलं. मग शेजारच्या पत्रावळीपुढं थांबला.

"वाढ," मुखरू म्हणाला.

लटारूनं बादलीत पाहिलं. पंगतीकडे पाहिलं. त्याला घाम आला होता. बकरा त्याचा गेला होता, हसू त्याचं झालं होतं आणि आता हे. त्यानं डाव बुडवला, वर काढला आणि पत्रावळीवर ओतला.

नुसता रस्सा होता.

"तुकडा," मुखरू म्हणाला.

"सरले."

"मांगं पंगत बाकी हाय. सरले कसे?"

"तिनं मले पाखरू देलं नाई, मी तिले तुकडा देत नाई. रस्सा देला ना? वाढलं ना? बस!" लटारू पुढं सरकला.

"रस्सा म्हंजे वाटा होते का?" कुणीतरी विचारलं.

"बकऱ्याचाच हाय ना. होते."

"हाडूक तरी पायजे. बिना हाडकाचा वाटा मी नाई आयकला."

"लेकराले नाई का देत नुसता रस्सा? ते काय गावचं नाई?"

सगळ्या पंगतीनं जेवण सोडून बोलायला सुरुवात केली. डोकी भूमियाकडे वळली. गुलाब भूमियानं गुडघे चोळले. एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. "हे असं पयले कधी झालं नाई," तो म्हणाला. "इच्यार करा लागन."

"केवढा?" मुखरू ओरडला. "केवढा इच्यार? सांगा ना! मी मरेपर्यंतचा?"

 बोलणं चालूच राहिलं, रस्सा आणि हाडूक, हाडूक आणि रस्सा. सुकरीनं बायांच्या पंगतीतून हात करून दाखवलं, खाली बघ म्हणून.

पत्रावळ गळत होती. मोठ्या टाक्यांतून रस्सा मातीत उतरत होता. मुखरूनं दोन्ही हातांनी ती अलगद उचलली, खाली तळहात धरला आणि तसाच बसून राहिला. त्याला खोकला येत होता. त्यानं तो येऊ दिला नाही.